चितवनच्या शाळेत शिकवायला जायचं असेल तर

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नेपाळच्या चितवन जिल्ह्यात, एका थारू (तिथली आदिवासी जमात) वस्तीतल्या सरकारी शाळेत शिकवायला जाऊ लागले. शाळेशेजारीच सामुदायिक वन, म्हणजे गावानं मिळून सांभाळलेलं जंगल, आहे, त्यामुळे शिकवणं आणि जंगलाचं काम असं दोन्ही होतं. ओळखीतले शिक्षक विचारत राहतात, म्हणून जे कामाचं आहे ते लिहून ठेवते.

सुरुवात घरबसल्या करायची. शाळेला नेमकं काय हवंय, ते आधी विचारा. २०१५च्या संविधानानंतर नेपाळमध्ये माध्यमिकपर्यंतच्या शाळा गावपालिका-नगरपालिकांच्या अखत्यारीत आल्या आहेत. त्यामुळे शाळेच्या व्यवस्थापन समितीचं पत्र हवंच, आणि पालिकेला कळवलंय ना याची खात्री करून घ्या. मधला कुणी भरपूर शुल्क मागत असेल तर त्यातलं शाळेच्या हातात किती पडतं, हे स्पष्ट विचारावं. अनाथाश्रमात राहून मुलांना शिकवा असं कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हणा. अशा बालगृहांतल्या कित्येक मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी लेकरं गावाकडून उचलून आणल्याचं तिथे पुन्हा पुन्हा उघड झालंय. याबाबत मी तडजोड मानत नाही.

वेळ निवडायची ती सप्टेंबरची. शाळा भरलेली असते, दसैंची (नेपाळच्या दसऱ्याची) सुट्टी बहुधा अजून लागायची असते आणि जंगलातलं मुख्य काम नेमकं तेव्हाच करावं लागतं. नाशिकरोडहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग पलीकडच्या भैरहवाहून बसनं चितवनमधलं भरतपूर. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. शंभराच्या नोटा न्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. शनिवारी सुट्टी, रविवारी शाळा. पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, तराईत, म्हणजे या सखल पट्ट्यात, डास फार.

वर्गात एकट्यानं उभं राहू नका. मुलं घरी थारू बोलतात, शाळेत नेपाळी, इंग्रजी त्यानंतरची. पाठ्यपुस्तकं देवनागरीत असल्यानं आपल्याला वाचता येतात, ही मोठीच सोय. तरी धडा वर्गशिक्षिकेसोबतच घ्यावा. चार गाणी शिकवून आपण निघून आलो, तर मागे काही उरत नाही. तिला एखादी पद्धत पटली तर ती वर्षभर वापरते. आमच्याकडे चाललेली पद्धत सांगते. पावसाळ्यात गावानं सिसौ (शीशम), खैर, सावर यांची रोपं लावलेली असतात. पाचवीच्या मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक ओळ द्यायची. जगलेली किती, मेलेली किती, उंची किती सेंटिमीटर, हे फूटपट्टीनं मोजून वहीत मांडायचं. परत येऊन फळ्यावर सरासरी काढायची. गुणाकाराला कंटाळणारी पोरं "माझं रोप वाढलं" म्हणत दशांश चिन्हासाठी भांडतात. शिवाय गावाला खरा हिशेब मिळतो. लावलेल्या रोपांचे आकडे सगळेच सांगतात, जगलेली फारसं कुणी मोजत नाही.

जंगलातलं काम म्हणजे लहरे बनमारा काढणं. मिकानिया नावाचा हा परदेशी वेल झाडांवर चढून त्यांचा उजेड अडवतो, कोवळी रोपं गुदमरवतो आणि गेंड्यांच्या चाऱ्याची जागा व्यापतो. ऑक्टोबरच्या सुमारास तो फुलतो, मग हलकं बी वाऱ्यावर पसरतं. म्हणून फुलण्याआधीच उपटायचा. मुळाशी बोटं घालून, माती सैल करून सावकाश ओढा. हिसका दिला की वेल तुटतो आणि मूळ आतच राहतं. उपटलेला ढीग ओल्या जमिनीवर टाकू नका. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, दोन हातांच्या तुकड्यातून नवी जाळी उभी राहते. बांबूच्या मांडवावर टाकून कडक वाळवायचा. घरी जाण्याआधी चपला आणि टोपल्या झटकायच्या, तुकडे तिथेच चिकटून येतात.

हे सगळं वन उपभोक्ता समूहाच्या, म्हणजे सामुदायिक वन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाच्या, माणसांबरोबरच. गेंडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द मानत नाहीत, उंच गवतात दहा पावलांवर असले तरी दिसत नाहीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात पाऊल टाकू नका, मुलांना तर नाहीच नाही. त्यांना शाळेच्या आवारातला आणि कुंपणालगतचा वेल पुरे.

मुलांचे फोटो फेसबुकवर टाकू नका. हातमोजे, कोयते, फूटपट्ट्या नेल्या असतील तर शाळेच्या नोंदवहीत लिहून तिथेच ठेवा. मोजणीची वही वर्गशिक्षिकेकडे द्या, आणि पुढच्या मोजणीची तारीख निघण्याआधी तिलाच लिहायला सांगा, विक्रम संवतातली, म्हणजे शाळेच्या दिनदर्शिकेत ती थेट बसते.