अभ्याससंग्रहातली खापरं सांभाळताना या चुका टाळा

प्रात्यक्षिकाचा तास संपतो, मुलं चहाला पळतात आणि लांब टेबलावर चार ट्रे उघडे राहतात. एकात जोर्वेची खापरं (महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातली, तांबड्यावर काळी नक्षी असलेली), दुसऱ्यात काळी-तांबडी, तिसऱ्यात इजिप्तहून कधीकाळी आलेले तुकडे, चौथ्यात भूमध्य समुद्राकडच्या अँफोराचा, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणाचा, एक कान. विद्यापीठातल्या अभ्याससंग्रहाचं सगळ्यात मोठं नुकसान पुढच्या पंधरा मिनिटांत होतं. कुणाच्या हातून काही फुटत नाही, फक्त आवरताना एखादं खापर भलत्याच ट्रेत जाऊन बसतं.

मी शिकत असताना आमच्याकडे असंच झालं. दोन स्थळांचे ट्रे एकाच वेळी मांडले होते, निम्म्या तुकड्यांवर नंबर नव्हता आणि आवरणारे आम्ही पहिल्या वर्षाचे. रंगावरून, जाडीवरून जमतील तेवढे लावले. उरलेले ‘स्थळ अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या पिशवीत ठेवले. ती पिशवी मला आजही सलते. त्या तुकड्यांवरचं काळं नक्षीकाम शाबूत होतं, पण ते कुठल्या गावचे, कुठल्या थरातले हे कायमचं गेलं.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पीट्री 1892 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इजिप्तविद्येचे प्राध्यापक झाले. त्यांचा संग्रह कॉलेजने 1913 मध्ये विकत घेतला, तो विद्यार्थ्यांनी वस्तू हातात घेऊन शिकावं म्हणून. आज तिथल्या पीट्री संग्रहालयात 80,000 हून जास्त वस्तू आहेत. याच पीट्रींनी राजवंशांच्याही आधीच्या इजिप्तचा कालक्रम मडक्यांच्या घाटावरून लावला. ना नाणी, ना लेख. प्रत्येक कबरीची एक चिठ्ठी करून त्यांनी त्या चिठ्ठ्या पुढेमागे सरकवल्या. कुठलं मडकं कुठल्या कबरीतलं याची नोंद होती, म्हणूनच ते जमलं.

नंबर घालताना

म्हणून पहिला नियम: टेबलावर एका वेळी एकच स्थळ. तुलना करायची असेल तर दोन ट्रे टेबलाच्या दोन टोकांना ठेवा आणि मुलांनाच ट्रेकडे जाऊ द्या. बाहेर काढताना तुकडे मोजा, आत ठेवताना पुन्हा मोजा.

खापरावर नंबर थेट शाईने लिहिला तर तो सच्छिद्र मातीत झिरपतो आणि पुढे कधीच निघत नाही. नेलपॉलिशचा थर काही वर्षांत पिवळा पडून सोलतो आणि सोबत नंबरही नेतो. योग्य पद्धत साधी आहे. अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 चा (हा एक पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा प्रकार) बोटाच्या नखाएवढा पट्टा लावा, पूर्ण वाळू द्या, त्यावर बारीक टाकाने लिहा आणि वर आणखी एक पातळ थर द्या. गडद खापरावर पांढरी शाई वापरा. स्थळाची आद्याक्षरं, वर्ष, खड्डा आणि थर एवढं तरी त्यात यायलाच हवं.

नंबरची जागा म्हणजे खापराची आतली बाजू. नक्षीवर नको, काठावर नको आणि तुटलेल्या कडेवर तर मुळीच नको, कारण मातीचा पोत आणि भाजणीचे थर त्या कडेवरच वाचायचे असतात. दगडी हत्यारावर धारेपासून दूर, शक्यतो मूळ साल शिल्लक असलेल्या भागावर लिहा. जुना नंबर चुकीचा वाटला तरी खोडू नका. नवा शेजारी घाला आणि नोंदवहीत दोन्ही लिहा. आधीच्या पिढीने तो का घातला असेल, हे कधीतरी कुणाला तरी उलगडतं.

धुण्याची घाई

स्वच्छतेची आवड घरात चांगली, संग्रहात तिला आवर घालावा लागतो. जोर्वेचं खापर चाकावर घडवलेलं, कडक भाजलेलं. टिचकी मारली की खणकन वाजतं. ते मऊ ब्रशने, साध्या पाण्यात धुतलं तर बहुधा बिघडत नाही. पण त्याच बादलीत कच्च्या मातीची मूर्ती किंवा भाजल्यानंतर रंगवलेला तुकडा पडला तर तासाभरात हातात चिखल उरतो. म्हणून एका कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून आधी तपासायचं.

आतल्या बाजूचा काळा थर खरवडायचा मोह तर हमखास होतो. पश्चिम भारतात सापडलेले किती तरी तुकडे अनेक वर्षं ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदलेले होते. पुढे पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टोंबर यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले बरेच मेसोपोटेमियातल्या टॉर्पेडो जारचे, म्हणजे लांबट, बिनकानाच्या रांजणांचे, निघाले. या जारला आतून डांबराचा लेप असतो. कुणी तो मळ समजून काढला असता तर सगळ्यात सोपी ओळखच पुसली गेली असती. तुकडे कपाटात होते, स्थळाचं नाव सोबत होतं, लेप जागेवर होता, म्हणून आपल्या किनाऱ्याच्या व्यापाराचं चित्र बदलू शकलं.

चुनखडीचा पांढरा थर काढायला अॅसिड वापरतात, तेही बंद करा. ज्या मातीत शिंपल्याची किंवा चुन्याची भर आहे, तिथे अॅसिड थराबरोबर खापरच खातं.

खापरावर कपाटात ठेवल्यानंतर पांढरी पूड उगवली तर आधी ओळख पटवा. भिंगाखाली चकाकणारे स्फटिक दिसले आणि पाण्याच्या थेंबात विरघळले तर ते मातीतलं मीठ. कापसासारखे तंतू दिसले तर बुरशी. मीठ असेल आणि खापर पक्कं भाजलेलं असेल तर ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा. नुसती पूड पुसली तर पुढच्या कोरड्या हवेत ती पुन्हा उगवते आणि दर वेळी पृष्ठभागाचा एक पापुद्रा घेऊन जाते.

तांब्यावरची फिकी हिरवी पूड

इथे थोडं जास्त थांबतो, कारण सगळ्यात हळहळ वाटणारे अपघात इथेच पाहिले आहेत. आपल्याकडे तांबं म्हटलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. देवघरातल्या तांब्यासाठी ते ठीक. उत्खननातली कुऱ्हाड, बांगडी किंवा नाणं चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर यांपासून लांब ठेवा. गंज वाटतो त्या थरातच बहुतेक वेळा वस्तूचा मूळ पृष्ठभाग असतो. कधी कधी तिच्याभोवती गुंडाळलेल्या कापडाची वीणही त्यात उमटलेली असते.

गडद हिरवा, कडक, न झडणारा थर असेल तर काही करू नका. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड ठिपक्याठिपक्यांनी दिसली आणि ब्रशने झटकल्यावर काही दिवसांत परत आली, तर तो ब्राँझ डिसीज. तांब्यात दडलेली क्लोराइडं ओल आणि ऑक्सिजन मिळताच धातू खात सुटतात. वस्तू लगेच वेगळी काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आत आर्द्रता मोजायची छोटी पट्टी लावा आणि ती 35 ते 40 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पुढचं काम संवर्धकाचं.

लोखंडाचंही तसंच. इजिप्तमधल्या गेर्झेह इथल्या कबरींत 1911 मध्ये लोखंडाचे मणी सापडले. आज त्यांतले तीन पीट्री संग्रहालयात आहेत. पाहिले तर निव्वळ गंजाचे तुकडे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या निकेल, कोबाल्ट आणि जर्मेनियमवरून सिद्ध झालं की ते उल्केचं लोखंड आहे, ठोकून पत्रा केलेलं आणि नळीसारखं वळवलेलं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचं काम गंजातच टिकून होतं.

पावसाळा आणि कपाट

जूनच्या आधी दोन गोष्टी बघा. पिशवीतल्या कागदी चिठ्ठ्या कसर आवडीने खाते. त्यामुळे चिठ्ठी छोट्या पॉलिथिनच्या पाकिटात घालून मग पिशवीत टाका आणि पिशवीवरही नंबर लिहा. रबरबँड वापरू नका. तो वितळून चिकटतो, आणि त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. शंखाच्या बांगड्या आणि शिंपले नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांच्यावर पांढरे क्षार धरतात. लोखंडी कपाट बरं.

दगडी छिलके एकाच डब्यात ओतून ठेवले की एकमेकांवर घासून त्यांच्या धारा झिजतात. मग एखादा विद्यार्थी त्या नव्या टवक्यांना अश्मयुगातलं काम समजून वहीत चित्र काढतो. प्रत्येकाला वेगळी पिशवी द्या.

हातात घेण्याबद्दल थोडक्यात: मडकं दोन हातांनी, बुडाखालून, टेबलावरच्या जाड गादीवर. तोटी, कान, काठ धरून उचलायचं नाही, कारण जुना जोड नेमका तिथेच असतो. खापर आणि दगडाला धुतलेले कोरडे हात चालतात, धातूला नायट्राइलचे हातमोजे. जोडायला झटपट चिकटणारा गोंद किंवा इपॉक्सी नको. चुकला तर सोडवता येत नाही. पॅरालॉइडचा जोड अॅसिटोनने सुटतो.

भेट आलेलं खापर

परदेशात राहणारा माजी विद्यार्थी प्रेमाने तुर्कस्तानातून किंवा इजिप्तमधून ‘एक छोटासा तुकडा’ घेऊन येतो. घेऊ नका, आणि का घेत नाही ते त्याला नीट सांगा. पीट्रींच्या काळात उत्खननातल्या वस्तूंची सरकारशी रीतसर वाटणी होत असे. इजिप्तने 1983 च्या कायद्याने ते दिवस संपवले. तुर्कस्तानही पुरावस्तू बाहेर नेऊ देत नाही. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शिवाय बाजारातल्या तुकड्याला स्थळच नसतं, मग त्यावरून शिकवायचं काय?

निरुपयोगी वाटणारं गाठोडं

जागा कमी पडली की कुणीतरी ‘हे काढून टाकू’ म्हणतं. 1912-13 मध्ये पीट्रींनी इजिप्तमध्ये तर्खान इथे खोदकाम केलं, त्यातून मळकट लिननच्या चिंध्यांचा एक ढीग लंडनला आला. तो कपाटात तसाच पडून राहिला. 1977 मध्ये तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संवर्धकांकडे गेला, आणि चिंध्यांमधून बारीक चुण्या घातलेल्या बाह्यांचा एक अंगरखा निघाला. कोपरांपाशी आणि काखेत वापराच्या वळ्या तशाच होत्या. म्हणजे कुणीतरी तो खरोखर घातला होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन चाचणीने त्याचा काळ इ.स.पू. 3482 ते 3102 च्या दरम्यान ठरवला. विणलेल्या कपड्यांमध्ये याहून जुना आज तरी माहीत नाही.

साठाहून जास्त वर्षं ते गाठोडं कुणी धुतलं नाही, फेकलं नाही, आणि ते तर्खानचं आहे ही नोंद त्याच्यासोबत राहिली.