सोसायटीची निवडणूक घ्यायला निघालात? आधी यादी बघा

जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका, पास झालेल्या बहुतेकांच्या डोक्यात लेखापरीक्षण असतं. माझ्याही होतं. पण ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड अशा पट्ट्यात राहत असाल तर दुसरं एक काम आपसूक दारात येतं, ते म्हणजे हाऊसिंग सोसायट्यांच्या निवडणुका. पैसे बेताचेच, रविवार हमखास जातो, आणि निकालानंतर निम्मी बिल्डिंग तुमच्याकडे संशयाने बघते. तरीही नव्या मुलामुलींना मी सांगते, एक-दोन वर्षं हे काम करा. सहा पेपर देऊन सहकार कायदा जेवढा कळला नसेल, तेवढा एका भांडखोर सोसायटीत कळतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. कायदा १९६० चा, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. सहकारी संस्थांविषयीच्या ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये त्यात मोठे बदल झाले आणि सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. पुढे २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरणच घातलं गेलं आणि २५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना स्वतःची निवडणूक स्वतः घेण्याची मोकळीक मिळाली. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात बिल्डिंगमधलं कुणी निवडणूक निर्णय अधिकारी व्हायला तयार नसतं, कारण रोज लिफ्टमध्ये सगळ्यांची तोंडं बघायची असतात. मग बाहेरचा माणूस शोधला जातो. तिथे तुमचा नंबर लागतो.

नवीन माणूस मतदानाच्या दिवसाची तयारी करतो. मतपेटी, लाख, शिक्का, पडदा. हे सगळं लागतंच, पण माझ्या मते निवडणूक न्याय्य झाली की नाही हे तीन-चार आठवडे आधीच ठरून गेलेलं असतं, मतदार यादीत. सेक्रेटरी तुम्हाला एक्सेलमध्ये टाईप केलेली छान यादी देईल. ती बाजूला ठेवा आणि ‘आय’ (सभासदांची नोंदवही) व ‘जे’ (सभासदांची यादी) रजिस्टर मागा. शेअर सर्टिफिकेटच्या मागची हस्तांतरणाची नोंद बघा. मेंटेनन्सचं बिल ज्याच्या नावाने जातं तो सभासद, असा समज सर्रास असतो आणि तो चुकीचा आहे. फ्लॅट विकत घेऊन सहा वर्षं झाली, गणपतीच्या वर्गणीत पुढे असतो, पण शेअर ट्रान्सफरचा अर्जच केलेला नाही, असे गृहस्थ प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन-तीन तरी निघतात. वारलेल्या सभासदाच्या मुलाचंही तेच. वारसनोंद किंवा नामनिर्देशन असून भागत नाही, समितीने सभासद म्हणून नाव दाखल केलेलं असावं लागतं.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला तरी मत एकच. एका सभासदाला एक मत, मग त्याचे फ्लॅट दोन असोत की चार. आणि मत स्वतः येऊन द्यायचं, प्रॉक्सी चालत नाही. अमेरिकेतल्या मुलाचं मुखत्यारपत्र घेऊन वडील येतात, स्टॅम्प पेपर टेबलावर आपटतात. त्यांना अदबीने बसवा, चहा मागवा, पण मतपत्रिका देऊ नका. सहसभासदाचा किंवा सहयोगी सभासदाचा मार्ग कायद्यात आहे, तो मूळ सभासदाच्या लेखी संमतीने आधीच करून ठेवायचा असतो. मतदानाच्या सकाळी होत नाही.

थकबाकीदार हा यादीनंतरचा दुसरा सापळा. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, त्यामुळे सत्तेतली कमिटी नेमक्या विरोधकाच्या खात्यावर नेमक्या महिन्यात जुनं काहीतरी काढते. कधी पार्किंगचा दंड, कधी न वसूल झालेला सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीचा, फरक. अशा वेळी एवढंच विचारायचं की बिल किंवा लेखी नोटीस कधी बजावली आणि पोच कुठे आहे. बजावल्यापासून तीन महिने उलटूनही पैसे भरले नसतील तरच तो थकबाकीदार. ‘आम्ही त्यांना जिन्यात सांगितलं होतं’ याला काही किंमत नाही. उलटंही घडतं. अध्यक्षांचीच आठ महिन्यांची थकबाकी असते आणि खजिनदार ती ‘ॲडजस्ट’ करून दाखवतो. अर्ज छाननीच्या दिवशी खातेउतारा सगळ्या उमेदवारांचा मागा, एकट्यादुकट्याचा नको. अर्ज नाकारलात तर कारण लेखी द्या, पूर्ण वाक्यांत. उद्या सहकार न्यायालयात तोच कागद तुमची बाजू मांडणार आहे.

दोनपेक्षा जास्त अपत्यांमुळे येणारी अपात्रता सोसायटीच्या कमिटीलाही लागू होते, हे ऐकून लोक हसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. छाननीत हा आक्षेप आला तर तुम्ही हसू नका.

मतदानाचं फार लिहीत नाही, कारण ते शिकायला एक रविवार पुरतो. १०० पर्यंत सभासदांच्या सोसायटीत साधारण ११ जणांची समिती असते. सर्वसाधारण ६, महिला २, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागासवर्ग यांची प्रत्येकी एक. राखीव जागेसाठीही सगळ्यांनीच मत द्यायचं असतं, हे आवर्जून सांगा, नाहीतर बायका फक्त महिलांच्या रकान्यात शिक्का मारून निघून जातात. जागांपेक्षा जास्त शिक्के पडले तर मत बाद, कमी पडले तर चालतं. छापलेल्या, वापरलेल्या आणि उरलेल्या मतपत्रिकांचा हिशेब मोजणीपूर्वी उमेदवारांसमोर जुळवा. समान मतं पडली तर चिठ्ठी.

एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण मी ती बोलते. ‘बिनविरोध’ या शब्दाचं आपल्याकडे फार कौतुक आहे. ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत बिनविरोध म्हणजे समंजसपणा. सोसायटीत मला त्याची जास्त भीती वाटते. भांडणाच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचे डोळे तुमच्यावर असतात, कागद आपोआप चोख राहतात. बिनविरोधमध्ये ११ जागांना ११ अर्ज, ते सुद्धा अध्यक्षांनीच फोन करून भरवलेले, अर्ज भरायची नोटीस फलकावर संध्याकाळी लावून सकाळी काढलेली. कुणी तक्रार करत नाही, कारण कुणाला कळलेलंच नसतं. म्हणून नोटीस फलकावर लावल्याचा तारखेसह फोटो आणि प्रत्येक फ्लॅटची पोच, हे दोन्ही मी मागते, अर्ज कितीही येवोत.

छोट्या सोसायटीत आचारसंहिता भिंतीवर लावलेली नसते, पण वागणं लगेच दिसतं. सोसायटीच्या लेटरहेडवर कामगिरीचा अहवाल काढून घरोघर वाटणं, तो वाटायला वॉचमनला पाठवणं, व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कमिटीचा म्हणून विरोधकाला ‘ओन्ली ॲडमिन’ करून गप्प करणं. आणि सगळ्यात महागात पडणारं, जाता जाता दिलेलं रंगकामाचं कंत्राट. कार्यक्रम जाहीर झाल्यावर नवं कंत्राट आणि मोठा खर्च नको, असं पहिल्याच बैठकीत सुचवा. तुम्हाला ते थांबवण्याचा अधिकार नाही, पण सुचवल्याची नोंद इतिवृत्तात आली की बऱ्याच जणांचा हात आखडतो.

अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांना सभासद थेट निवडत नाहीत, निवडून आलेली समिती पहिल्या सभेत आपल्यातून निवडते. निकालाच्या रात्री ‘सर्वाधिक मतं मला, अध्यक्ष मीच’ असं म्हणणारा एकजण असतोच. त्याला शांतपणे हे समजावणं तुमच्या कामात धरलेलं आहे.

नव्या समितीतली मंडळी नंतर विचारायला येतात, त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली, समितीच्या निर्णयांची जबाबदारी सामूहिक असते. ठराव पटला नाही तर नुसतं गप्प बसून उपयोग नाही, विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो तिथे आहे का ते वाचा. दुसरी, भाच्याची वॉटरप्रूफिंगची एजन्सी असेल तर कोटेशन उघडायच्या आधी सांगा आणि त्या चर्चेतून बाहेर पडा. भाचा खरंच स्वस्त असेलही. पण तुम्ही खोलीत बसून ते ठरवलंत तर पुढची पाच वर्षं प्रत्येक गळतीला तुमचं नाव लागेल.

जुन्या कमिटीने दप्तर दिलं नाही, ही तक्रारही ठरलेली. चार्ज यादी करून, प्रत्येक रजिस्टरची पानं मोजून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायला सांगा. टाळाटाळ झाली तर सहकार कायद्याच्या कलम ८० खाली निबंधकांकडून (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडून) दप्तर ताब्यात घेता येतं, आणि हे नुसतं बोलून दाखवलं तरी कपाटाची चावी बहुधा त्याच आठवड्यात सापडते.

पुढे कधी पुनर्विकासाच्या सभेत काम मिळालं तर वेगळ्या तयारीने जा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासक निवडीच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांचा कोरम लागतो, किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, निबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो आणि चित्रीकरण होतं. कोट्यवधींचा प्रश्न असतो, सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. तुम्ही हजेरीपटाकडे बघा आणि तिथली प्रत्येक सही ‘जे’ रजिस्टरशी ताडा. दोघा भावांच्या नावावरच्या एका फ्लॅटच्या दोन सह्या तिथे झालेल्या असतात, आणि कोरम नेमका तेवढ्यानेच भरलेला असतो.