सभागृहाचा आवाज प्रोसेसरवर बसवताना

सोलापुरात ध्वनियंत्रणा म्हटले की अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गड्ड्याच्या यात्रेतले किंवा लग्नाच्या मांडवातले, संध्याकाळी उभारून रात्री उतरवायचे स्पीकर येतात. मंगल कार्यालयात, महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा बँकेच्या बैठकीच्या खोलीत कायमची यंत्रणा बसवणे हे काम निराळे आहे, कारण तेथे मिक्सरपाशी कोणी माहीतगार बसलेला नसतो. शिपाई बटण दाबतो आणि कार्यक्रम सुरू होतो. जाणकार माणूस जे निर्णय जागेवर, कानाने घेतो, ते आधीच घेऊन डिजिटल ऑडिओ प्रोसेसरमध्ये, म्हणजे माइक आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे बसून आवाजावर आपोआप काम करणाऱ्या यंत्रात, भरून ठेवणे हेच या व्यवसायातले खरे काम आहे, आणि नव्याने येणाऱ्यांनी सगळे शिक्षण याच दृष्टीने घ्यावे असे माझे मत आहे.

शिकण्यासाठी पुण्याला जाऊन राहण्याची गरज आता उरलेली नाही. क्यू-सिस, बायॅम्प यांसारख्या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांची, यंत्रणेचा आराखडा तयार करण्याची सॉफ्टवेअर व ऑनलाइन प्रशिक्षण विनामूल्य मिळते. क्यू-सिसमध्ये तर यंत्र जवळ नसतानाही आराखडा संगणकावर चालवून पाहता येतो. त्यातून आवाज जात नाही, पण बटणे आणि नियंत्रणे नीट तपासता येतात.

नवशिक्याचा हात सर्वात आधी इक्वलायझरकडे, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करण्याच्या सोयीकडे जातो. तो सर्वात शेवटी जावा. सुरुवात पातळ्यांपासून करावी: माइकचा क्षीण सिग्नल पहिल्याच टप्प्यावर पुरेसा वाढवून घ्यावा, मोठ्याने बोलणाऱ्या वक्त्यासाठी वर सुमारे २० डेसिबल जागा मोकळी ठेवावी, आणि अॅम्प्लिफायरची पातळी प्रोसेसरच्या उच्चतम पातळीशी जुळवावी. सुरुवातीला गेन (सिग्नलची वाढ) कमी ठेवून शेवटी तो वाढवला, तर आवाजाबरोबर खरखरही वाढते, आणि ती नंतर कोणत्याही फिल्टरने निघत नाही.

माइकची संख्या हा यजमानाशी वादाचा विषय असतो. व्यासपीठावरील प्रत्येकासमोर माइक हवा असतो. पण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते, म्हणजे एकाचे आठ माइक केले की ९ डेसिबल गेले. यावरचा उपाय म्हणजे ऑटोमिक्सर. डॅन ड्यूगन यांनी १९७०च्या दशकात पुढे आणलेल्या पद्धतीत सर्व माइकांमध्ये गेन वाटला जातो, बोलणाऱ्याला मोठा वाटा मिळतो आणि एकूण गेन मात्र एका माइकाइतकाच राहतो. आज जवळपास प्रत्येक चांगल्या प्रोसेसरमध्ये अशी सोय असते. व्हिडिओ बैठकीच्या खोलीत प्रतिध्वनी काढणाऱ्या ब्लॉकला (प्रोसेसरमधल्या त्या कामाच्या भागाला) संदर्भ म्हणून फक्त समोरून, दूरच्या टोकाकडून येणारा आवाज द्यावा. खोलीतले माइक त्यात मिसळले, तर तो ब्लॉक आपल्याच वक्त्याचा आवाज पुसू लागतो.

लांबट सभागृहात मागच्या स्पीकरांना विलंब द्यावा लागतो. मागे बसलेल्या श्रोत्याला पुढचा स्पीकर २१ मीटरवर आणि डोक्यावरचा ३ मीटरवर असेल, तर फरक १८ मीटरचा. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला की विलंब ५२ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंश झाले तरी हा आकडा जेमतेम दोन मिलिसेकंदांनी कमी होतो, त्यामुळे त्याची चिंता करू नये. उलट त्यावर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घालावेत. कान आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा धरतो, आणि वक्ता व्यासपीठावरूनच बोलतो आहे असे वाटते. खरी चिंता उकाड्यात बंद कपाटात ठेवलेल्या अॅम्प्लिफायरची करावी.

घुमणारी खोली मात्र प्रोसेसर सुधारत नाही. १,८०० घनमीटरच्या सभागृहात आवाज शोषणारे क्षेत्र १०० चौरस मीटर इतकेच असेल, तर खोलीचे आकारमान आणि शोषण यांवरून हिशेब करणाऱ्या सॅबाइनच्या सूत्राने निनाद (आवाज थांबल्यावरही उरणारा घुमारा) सुमारे २.९ सेकंद टिकतो; भाषणासाठी तो एका सेकंदाच्या जवळ हवा. फरशी, काच आणि पत्रा यांच्यापुढे इक्वलायझर हतबल असतो, हे यजमानाला कोटेशन देतानाच सांगावे. जाड पडद्यांनी वरच्या स्वरांना आळा बसतो, खालचा घुमारा तसाच राहतो.

१०० व्होल्ट लाइनवर (एकाच तारेवर ट्रान्सफॉर्मरद्वारे अनेक स्पीकर जोडण्याच्या पद्धतीत) बारा स्पीकर प्रत्येकी १५ वॅटच्या टॅपवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटच्या जोडणीवर, असतील तर बेरीज १८० वॅट होते. अॅम्प्लिफायर २५० वॅटचा घ्यावा आणि प्रोसेसरमध्ये साधारण ८० हर्ट्झखालचा भाग कापावा, कारण तो ट्रान्सफॉर्मरला झेपत नाही.

भिंतीवरच्या पॅनेलवर ‘लग्न’, ‘भाषण’, ‘बंद’ अशी मराठीत लिहिलेली तीन बटणे आणि आवाजाची एक घुंडी पुरेशी होते. घुंडीची वरची मर्यादा शिट्टी सुरू होण्याच्या बरीच खाली बांधावी. खालची मर्यादाही बांधावी, नाहीतर कोणीतरी ती शून्यावर नेऊन ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ‘यंत्रणा बंद पडली’ असा फोन येतो. वीज जाऊन आल्यावर प्रोसेसर आधी आणि अॅम्प्लिफायर नंतर चालू होईल अशी जोडणी करावी, म्हणजे स्पीकरमध्ये दणका बसत नाही. काम सोपवताना आराखड्याची अंतिम फाइल, तिची तारीख आणि पासवर्ड यजमानाच्या हाती लेखी द्यावेत.