घराला काचखोली जोडताना आधी सांधा बघा

काचखोली बहुतेक वेळा काचेतून गळत नाही, गळते ती घराची जुनी भिंत आणि नवं छप्पर जिथे भेटतं त्या रेषेतून. त्यामुळे आराखड्याची सुरुवात तिथूनच करावी.

३ बाय ४ मीटरची खोली धरू. छपराची वरची कड भिंतीवर खडूने मारा. तिच्या वर, खिडकीच्या चौकटीपर्यंत, निदान १५० मिमी भिंत मोकळी हवी, कारण फ्लॅशिंगला, म्हणजे सांधा झाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, तेवढी उंची लागते. छपराला १५ अंशांचा उतार दिला, तर ३ मीटरमध्ये ते सुमारे ८० सेंमी खाली येतं. तेवढं उतरल्यावर बाहेरच्या दाराला पुरेशी उंची उरते का, ते आत्ताच तपासा.

आखणी करताना भिंतीलगत ४ मीटर, बाहेर ३ मीटर आणि दोन्ही कर्ण ५-५ मीटर आले, की कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत असं समजा.

पाया भरावाच्या मातीवर नको, घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. मात्र घराच्या पायापेक्षा खोल जायचं असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. जुनं घर बसून झालेलं असतं, नवं बांधकाम अजून बसायचं असतं. म्हणून नव्या विटा जुन्या भिंतीत दाते काढून गुंतवायच्या नाहीत. मध्ये १० मिमीची उभी फट सोडा, तिच्यात फोमची दोरी दाबा आणि वरून लवचीक सीलंट भरा. गुंतवलेली भिंत सांध्यावरच तडकते.

फ्लॅशिंग गिलाव्यावर चिकटवून भागत नाही, कारण पाणी गिलाव्यामागून उतरतं. विटांच्या दरजेत ग्राइंडरने २५ मिमी खोल खाच मारा, पत्र्याची कड तिच्यात वळवून पाचरींनी घट्ट करा आणि मग सीलंट भरा. शिशाचा पत्रा असेल तर एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर उन्हाने ताणून तो फाटतो. दोन तुकडे एकमेकांवर १०० मिमी चढवा.

छपराला लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काच घ्या, म्हणजे फुटली तरी डोक्यावर पडत नाही. दारांना टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. ती नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चौकट बसल्यावरच द्या. पोकळ पॉलिकार्बोनेट वापरत असाल, तर ३ मीटरचा पत्रा ४० अंश तापमानफरकाला जवळजवळ ८ मिमी वाढतो हे लक्षात ठेवून स्क्रूची भोकं मोठी पाडा. पत्र्यातल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने ठेवा. वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद करा, खालचं हवा जाऊ देणाऱ्या टेपने. सिलिकॉन न्यूट्रलच, म्हणजे आम्ल न सोडणारं, हवं.

हवेसाठी एक झडप खाली, एक छपराच्या शेंड्याला. एकच खिडकी ठेवली तर गरम हवा वरच कोंडून राहते.

शेवटी पाइपने पाणी मारून बघा. खालच्या कडेपासून सुरू करून प्रत्येक सांध्यावर दहा मिनिटं, मग वर सरका. आधीच वरून मारलं तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती कुठली ते सापडत नाही.