गायमुखच्या चढावर क्लच घसरायचा, तो असा सुटला
घोडबंदर रोडला गायमुखचा घाट चढताना माझ्या बाइकचं इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पळायची नाही. गॅरेजवाला म्हणाला, क्लचच्या प्लेटा गेल्या. मी आधी क्लचचा लिव्हर हलवून बघितला: प्ले, म्हणजे केबल ताणण्याआधी लिव्हर जेवढा मोकळा हलतो ते अंतर, शून्य! केबल अशी ताणलेली राहिली की स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटांवर बसतच नाही, मग क्लच घसरणारच. लॉकनट सैल करून केबलचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर आत फिरवला, लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिमी प्ले ठेवला (रोजच्या वापराच्या बहुतेक कम्युटर बाइकना एवढा लागतो, तरी मॅन्युअल बघाच). लिव्हरजवळ केबलची एक तार तुटून बाहेर आली होती, म्हणून केबलही नवी टाकली. इंजिन ऑइल मात्र जासो एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा, डब्यावर JASO MA) दर्जाचंच घाला. कारच्या ऑइलने ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच चालणारा, क्लच घसरू शकतो. प्लेटा अजून जुन्याच आहेत, घाटात मस्त पकडतात.