‘फायर सागा’ नीट पाहायचा असेल तर

‘युरोव्हिजन साँग कॉन्टेस्ट : द स्टोरी ऑफ फायर सागा’ हा डेव्हिड डॉबकिन दिग्दर्शित विनोदी चित्रपट २६ जून २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आला. युरोव्हिजन म्हणजे प्रामुख्याने युरोपातील देश आपापले एक गाणे पाठवतात ती दरवर्षीची स्पर्धा, आणि ‘फायर सागा’ हे चित्रपटात तिच्यात उतरणाऱ्या लार्स आणि सिग्रिट या आइसलँडच्या जोडगोळीचे नाव. मी तो पहिल्यांदा कसलीही पूर्वतयारी न करता पाहिला, आणि मंचावर हॅम्स्टर हा उंदरासारखा पाळीव प्राणी पळवतात तसले, पण माणूस मावेल एवढे चाक अवतरले तेव्हा दिग्दर्शकाने आता ताळतंत्र सोडले, असे माझे मत झाले. पुढे कळले की २०१४ साली कोपनहेगनच्या स्पर्धेत युक्रेनच्या गाण्यात असे चाक होते आणि त्यात एक तरुण गाणे संपेपर्यंत धावत होता. या चित्रपटातले निम्मे विनोद असे आहेत की मूळ स्पर्धा ठाऊक नसेल तर ते नुसते आचरट वाटतात आणि ठाऊक असेल तर हसू आवरत नाही. म्हणून चित्रपटाआधी तासभर युरोव्हिजनसाठी काढावा.

सुरुवात नियमांपासून करावी, कारण कथेचा सांगाडा त्यांच्यावरच उभा आहे. ही स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनिशी सुरू झाली. गाणे तीन मिनिटांच्या आत संपले पाहिजे, मंचावर सहापेक्षा अधिक माणसे असता कामा नयेत, आणि वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित असले तरी मुख्य गायन तिथल्या तिथे, प्रत्यक्षच झाले पाहिजे. चाकात धावता धावता गाणाऱ्या लार्सची जी दैना होते ती या शेवटच्या नियमामुळे अधिक गमतीची होते; मागे मुद्रित आवाज असता तर त्याला नुसते ओठ हलवून वेळ मारून नेता आली असती.

मात्र खरा कळीचा नियम वेगळाच आहे : ज्या देशाचे गाणे जिंकते, त्या देशाने पुढच्या वर्षी यजमानपद घ्यावे, अशी प्रथा आहे. ऐकायला हा मान वाटतो, पण खर्च पाहिला की घाम फुटतो. आयर्लंडने १९९२, १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ तीन वर्षे स्पर्धा जिंकली आणि त्यामुळे १९९३ ते १९९५ अशी तीन वर्षे ती स्वतःच्याच देशात भरवली. आता आइसलँडकडे पाहावे. लोकसंख्या चार लाखांहूनही कमी, स्पर्धेत प्रवेश १९८६ साली, १९९९ आणि २००९ साली दुसरा क्रमांक, आणि चित्रपट येईपर्यंत एकही विजय नाही. अशा देशात एखाद्या अर्थखात्यातल्या माणसाला ‘आपण जिंकलो तर?’ या विचाराने झोप येत नसेल, तर ते अगदीच अशक्य नाही. चित्रपटातील खलनायकी धागा इथूनच निघतो. तो कुठवर जातो हे इथे सांगणे योग्य नाही.

नियमांनंतर खरी सादरीकरणे पाहावीत. ती सहज सापडतात आणि चारच पुरतात. पहिले, १९७४ साली ब्रायटनमध्ये ‘वॉटर्लू’ गाणारा स्वीडनचा ‘आबा’ हा गट, कारण चित्रपटाची सुरुवात हेच सादरीकरण दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या लहानग्या लार्सपासून होते. दुसरे, राक्षसी मुखवटे घालून २००६ साली फिनलंडला जिंकून देणारा ‘लॉर्डी’ हा हार्ड रॉक बँड. तो पाहिल्यावर चित्रपटातील मुखवटेधारी मेटल मंडळी अतिशयोक्ती वाटेनाशी होतात. तिसरे, वर सांगितलेले युक्रेनचे चाक. चौथे सादरीकरण २०१७ सालचे आणि पोर्तुगालच्या साल्व्हादोर सोब्रालचे. ना आतषबाजी, ना नर्तक, एक माणूस शांतपणे गातो आणि जिंकतो. हे चौथे वगळू नये. चित्रपटातील स्पर्धा जिथे भरते त्या एडिंबरोच्या रस्त्यावर रात्री पियानो वाजवत बसलेला एक कलावंत दिसतो. कॅमेरा त्याची ओळख करून देत नाही, त्याचे नाव कोणी घेत नाही. तो स्वतः सोब्रालच आहे, आणि भपका की सच्चे गाणे हा चित्रपटाचा सगळा झगडा त्या काही क्षणांत एकही संवाद न होता मांडला गेला आहे.

पाहताना मूळ इंग्रजी ध्वनी ठेवून उपशीर्षके लावावीत, हे आग्रहाने सांगतो. उच्चारांची गंमत भाषांतरित आवाजात उरत नाही, आणि नावांची तर मुळीच नाही. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाला मुलासाठी ‘सॉन’ आणि मुलीसाठी ‘डोत्तिर’ जोडतात. नायक लार्स एरिकसाँग आणि नायिका सिग्रिट एरिक्सडोत्तिर, म्हणजे दोघांचेही वडील कोणी एरिक. ते दोघे भाऊबहीण तर नाहीत ना, हा प्रश्न लोक पुन्हा पुन्हा का विचारतात ते यावरून कळते; लार्सचे वडील झालेल्या पिअर्स ब्रॉसननचा रुबाब पाहता ती शंका अनाठायीही वाटत नाही. लार्सच्या नावाच्या शेवटी ‘सॉन’चे ‘साँग’ झाले आहे, तेवढ्या एका अक्षरातही लेखकांनी गाणे घुसवले आहे.

आवाजांकडेही लक्ष द्यावे. रेचल मॅकअ‍ॅडम्सच्या सिग्रिटचे गायन मुख्यत्वे स्वीडिश गायिका मॉली सँडेनचे आहे, जी २००६ साली मुलांसाठीच्या कनिष्ठ युरोव्हिजनमध्ये स्वीडनकडून गायली होती. डॅन स्टीव्हन्सने रंगवलेला रशियन स्पर्धक लेमतोव्ह छाती उघडी टाकून गर्जतो तो आवाज एरिक म्योनेस याचा. लार्स झालेला विल फेरेल मात्र स्वतः गातो, आणि त्याने तसेच गायला हवे होते.

मध्यावर एका हवेलीतील मेजवानीत सगळे स्पर्धक मिळून अनेक गाण्यांची साखळी गातात. पहिल्या वेळी हा प्रसंग नुसता ऐकावा. दुसऱ्या वेळी थांबवत थांबवत चेहरे ओळखावेत. लोरीन (२०१२), काँचिता वुर्स्ट (२०१४), जमाला (२०१६), नेट्टा (२०१८) हे सगळे खरे विजेते त्यात आहेत. व्हायोलिन घेतलेला अलेक्झांडर रिबाक २००९ साली नॉर्वेकडून जिंकला, आणि त्या वर्षी त्याच्यामागे दुसरा क्रमांक आइसलँडचाच होता! साखळीतील फ्रेंच गाणे १९८८ साली सेलिन डिऑनने स्वित्झर्लंडला जिंकून दिलेले आहे.

चित्रपटावरून स्पर्धा शिकू नये, एवढी सावधगिरी बाळगावी. चित्रपटात उपांत्य फेरीतच देशोदेशीचे गुण जाहीर होतात. प्रत्यक्षात तिथे फक्त पुढे गेलेल्या देशांची नावे पुकारली जातात. प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना देतो ती १ ते ८, मग १० आणि १२ ही गुणांची ओळखीची मोजणी अंतिम फेरीतली. उलट, ऐनवेळी गाणे बदलले तर स्पर्धेतून बाद व्हावे लागते, ही गोष्ट चित्रपटाने बरोबर धरली आहे. चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि मधला रुसव्याफुगव्यांचा भाग वीस मिनिटांनी कमी केला असता तर काही बिघडले नसते. तिथे कंटाळा आला तरी बंद करू नये, कारण शेवटी येणारे ‘हुसाविक’ हे गाणे त्यापुढेच आहे. लार्स आणि सिग्रिटच्या गावाचे, आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरील एका खऱ्या गावाचे हे नाव. या गाण्याला २०२१ साली ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा सोहळ्यासाठीचे सादरीकरण मॉली सँडेनने त्या गावच्या बंदरावर, तिथल्याच मुलींना साथीला घेऊन केले.

चित्रपट संपल्यावर एक गोष्ट आवर्जून शोधावी. गावच्या दारूगुत्त्यात एक संतापी गृहस्थ दर वेळी ‘या या डिंग डाँग’ हेच उडते गाणे हवे म्हणून लार्सवर खेकसतो. ती भूमिका करणारा हानेस ओली अगुस्तसॉन २०२१ साली रॉटरडॅमच्या खऱ्या अंतिम फेरीत आइसलँडच्या परीक्षकांचे गुण जाहीर करायला आला, आणि त्याच कपाळावरच्या आठीनिशी म्हणाला की आपले १२ गुण ‘या या डिंग डाँग’लाच जायला हवेत.