अटलांटात नवीन आलेल्या हौशी मंडळींसाठी: मेकरस्पेस आणि घरातलं रेकॉर्डिंग

ऑगस्टमध्ये जॉर्जिया टेकला नवीन बॅच आली की दोन प्रश्न ठरलेले. "इथली वर्कशॉप खरंच फुकट वापरायला मिळते का?" आणि "अपार्टमेंटमध्ये तबला वाजवला तर चालतो का?" पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं जरा लांब आहे.

टेकचा मेकरस्पेस, म्हणजे आपल्या हाताने वस्तू बनवायची सामायिक वर्कशॉप, म्हणजे इन्व्हेन्शन स्टुडिओ. तो विद्यार्थीच चालवतात. मशीनपाशी उभी असलेली मुलंमुली स्वयंसेवक असतात, त्यांच्याही परीक्षा आणि असाइनमेंट असतात. ज्यांनी फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब वर्कशॉपच्या मामांकडून करून घेऊन सबमिट केला, त्यांना सुरुवातीला जड जाईल. इथे आपणच शिकायचं, आपणच कापायचं आणि जाताना आपणच झाडायचं. हा काही खास अमेरिकन थाट आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (अशाच सामायिक वर्कशॉपपैकी) एक २००२ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात सुरू झाली.

पुढे बंद असलेले बूट घाला, चप्पल-सँडल घालून आत सोडत नाहीत. ओढणी, हुडीच्या नाड्या, गळ्यातली साखळी, हातातला गंडादोरा हे सगळं लेथ किंवा ड्रिल प्रेसपाशी जायच्या आधी काढा किंवा आत खोचा. मंगळसूत्रही. केस बांधा. आणि फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचं टोक अडकलं की मशीन बोटासकट ओढून घेतं.

सगळ्यात जास्त गर्दी लेसर कटरला. गणपती जवळ आले की मखराच्या फाइल्स घेऊन आपली मंडळी रांगेत असतातच. ३ मिलिमीटरचं प्लायवूड किंवा अॅक्रिलिक आणा. थर्मोकोल आणि फोमबोर्ड आणू नका, ते आत पेट घेतात. पीव्हीसी तर अजिबात नाही. फ्लेक्स, रेक्झिन, कसलीशी चकचकीत शीट, जे काय आहे ते नक्की माहीत नसेल तर कापूच नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो तुमच्या फुप्फुसांत जातो आणि मशीनच्या आरशांना आणि रुळांना गंज चढवतो. कटिंग चालू असताना जागेवरून हलायचं नाही. फोन आला तर वाजू दे.

आता रेकॉर्डिंग. आधी एक गैरसमज काढून टाका: भिंतीला काहीही चिकटवून आवाज शेजाऱ्याकडे जायचा थांबत नाही. इथली बहुतेक अपार्टमेंट लाकडी सांगाड्याची असतात आणि डग्ग्याचा घुमारा जमिनीतून थेट खालच्या घरात उतरतो. खाली जाड गालिचा घाला, लीजमधले शांततेचे तास वाचा आणि खालच्या बिऱ्हाडाशी आधीच ओळख करून घ्या. दिवाळीचा फराळ इथे उपयोगी पडतो.

भिंतीपाशी लावायच्या आवाज शोषणाऱ्या पॅनेलचं काम वेगळं. खोलीतला प्रतिध्वनी ती खातात, आणि रेकॉर्डिंग बाथरूममध्ये केल्यासारखं वाटतं ते या प्रतिध्वनीमुळेच. अंड्यांच्या ट्रेने काही होत नाही. रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंचे) २ फूट बाय ४ फुटांचे बोर्ड विकत मिळतात. त्यांना लाकडी चौकट करून वर कापड ताणायचं. चौकट मेकरस्पेसमध्ये कापून घ्या. दुकानात 'एक बाय चार' म्हणून मिळणारी पट्टी प्रत्यक्षात पाऊण इंच बाय साडेतीन इंच असते (पाऊण म्हणजे आपल्या सुताराचे सहा सूत), त्यामुळे मापं स्वतः टेप लावून घ्या. २ इंची बोर्ड पुढे कापडाला टेकवून बसवला की मागे दीड इंच पोकळी राहते. ती राहू द्या, तिच्यामुळे खालचे स्वर जास्त शोषले जातात. रॉकवूल मात्र मेकरस्पेसमध्ये उघडू नका, त्याचे तंतू सगळ्यांना खाजवत बसतात. ते घरच्या बाल्कनीत, मास्क, हातमोजे आणि लांब बाह्या घालून.

पॅनेल लावायचं कुठे? सगळे माइकच्या मागे लावतात. पण कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) पाठीमागचं फारसं ऐकतच नाही. तो बघतो तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. पहिलं पॅनेल त्या भिंतीला. भोकं पाडू नका, डिपॉझिट जाईल. स्टँड करून उभी ठेवा. तेवढंही नको असेल तर कपड्यांनी भरलेल्या क्लोजेटच्या दारात, कपड्यांकडे पाठ करून गा. पहिल्या सेमिस्टरला पुरतं.

महागडा कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) घ्यायची घाई नको. तो फ्रिज, एसी आणि रस्त्यावरची अॅम्ब्युलन्ससुद्धा इमानेइतबारे टिपतो. साध्या खोलीत डायनॅमिक माइक (कमी संवेदनशील, जवळून गायचा) आणि यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) बरा. फ्रिज बंद करून रेकॉर्ड करणार असाल तर घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू करायचा राहणार नाही. तानपुरा कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐका, नाहीतर तो माइकमध्ये शिरतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये (सॉफ्टवेअरमधली जास्त बारकाव्याची सेटिंग) हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेला आवाज सांधता येत नाही.

देशातून आणलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा सोल्डरिंग गन लावण्याआधी मागचं लेबल वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसती पिन बदला. फक्त २३० असेल तर इथल्या १२० व्होल्टवर सोल्डरिंगचं टोक पुरेसं तापणार नाही.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर मेकरस्पेसमधल्या कीचेन विकणं, व्हॉइसओव्हरचे पैसे घेणं, चॅनेलवर जाहिराती सुरू करणं हे परवानगीशिवायचं काम ठरू शकतं. गिऱ्हाईक पुण्यातलं असलं तरी काम तुम्ही इथे बसून करताय. हौसेने हवं तेवढं बनवा, गा, वाजवा. पैशांचा विषय निघाला की आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.